खटका माझ्या उशाशी

आमच्या जावयाचं तोंड म्हणजे कडी नसलेलं दार. वारा आला की उघडलं.

सासूसमोर जावयाने कसं वागावं, हे आमच्याकडे काल जन्मलेल्या करडालाही कळतं. येताना पायघोळ पांढरा कांझू घालावा. अंगणाच्या कडेला फणसाखाली बसावं, नजर जमिनीवर ठेवावी. मी दाराआडून लेकीकरवी विचारीन तेवढ्याचं उत्तर द्यावं आणि गप्प व्हावं. मला हात लागणं तर सोडाच, माझ्या सावलीवरही पाय पडू नये. माझ्या नाकिमेराचा नवरा मुत्याबा हे सगळं करतो. अगदी नीट करतो. आणि मग बोलतो. तिथे सगळं नासतं.

विजेचे खांब आमच्या टेकडीवर चढले त्या दिवसांतली गोष्ट. तो नाकिमेराबरोबर आला. कांझू परीटघडीचा, केळीच्या पानात बांधलेलं मांस हातात, मान खाली. मला वाटलं, सुधारला. वायरमनचा धंदा करतो, गावोगाव घरांत शिरतो, शिकला असेल चारचौघांत वागायला. आणि हा बाबा बसल्याबसल्या अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणतो, “नालोंगो, विजेचा बोर्ड तुम्ही झोपायच्या खोलीत बसवणार म्हणे. पलंगाच्या वर. तसं करू नका.”

झोपायची खोली! पलंग! सासूचा पलंग जावयाच्या तोंडात! माझी नणंद युनिया ओट्यावर शेंगा सोलत होती, तिच्या मांडीवरचं सूपच पालथं झालं.

“त्यांना विचार गं,” मी दाराआडून नाकिमेराला म्हटलं, “पलंगाचं मापही घ्यायचंय का?”

“आई, ते कामाचं बोलतायत.”

“कामाचं बोलणाऱ्याला शब्द निवडता येतात.”

“मग दुसरा कुठला शब्द वापरू?” बाहेरून तो म्हणाला. “बोर्ड बिघडला तर दुरुस्तीला आत कोण येणार? मला तर त्या खोलीचा उंबराही बघायचा नाही.”

“तुम्हाला बोलावलंय कुणी?” मी म्हटलं, आणि पुन्हा नाकिमेराकडे वळले, कारण चुकून त्याच्याशी सरळ बोलले होते. “म्हणावं, मांस पोचलं. आता उन्हं चढायच्या आत निघा.”

बोर्ड माझ्या खोलीतच बसणार होता. का बसू नये? जुळी झाली तेव्हापासून गाव मला नालोंगो म्हणतं, जुळ्यांची आई. माझं बापाने ठेवलेलं नाव आता कुणाला आठवतही नाही. नवरा गेला त्यानंतर ही मक्याची गिरणी मी एकटीने चालवली. डिझेलचा डबा माझ्या पलंगाखाली, इंजिन सुरू करायचा दांडा माझ्या उशीखाली. मी दांडा काढून दिल्याशिवाय ह्या टेकडीवर मक्याचा एक दाणा फुटला नाही. आता वीज आली म्हणून खटका ओसरीत लटकवू, येणाऱ्याजाणाऱ्याने दाबायला? बल्ब कधी लागायचा, गिरणी कधी थांबायची, हे माझ्या उशाशी ठरणार.

बोसाला हे एका वाक्यात समजलं. बोसा वायरमन मसाका शहरातून आला, मोटारसायकलवरून, कमरेला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्यात ओळीने हत्यारं. तोंड असं गोड की माशी बसावी.

“पलंगाच्या वर?” तो म्हणाला. “वा, आई! राणीच्या उशाशी राणीची चावी. जिथे म्हणाल तिथे बसवतो.”

ह्याला म्हणतात माणूस. ‘नको’ शब्द त्याला ठाऊकच नव्हता. मी म्हटलं, तार कौलाच्या बाजूने दिसायला नको, तो म्हणाला नाही दिसणार. मी म्हटलं, ओसरीला एक बल्ब आणि फणसाला एक, तो म्हणाला फणसाला दोन लावू. मी म्हटलं, मक्याचा हंगाम तोंडावर आहे, लवकर कर. त्याने इतक्या लवकर केलं की गिलावा ओला असताना रंग लागला. हिरवी, लाल, पिवळी तार भिंतीत शिरताना दिसली की मला माझ्या लग्नातल्या माळा आठवायच्या.

जुनं डिझेलचं धूड मी त्याच सुमारास विकून टाकलं. चार गडी ते ट्रकवर चढवताना युनिया म्हणाली, “वहिनी, नवीन मोटर फिरली नाही तोवर थांबली असतीस.”

“गरोदर बाईने पाळणा आधी आणायचा असतो,” मी म्हटलं, “आणि जुना मोडायचा असतो.” ह्याचा अर्थ तिला कळला नाही. मलाही नीटसा कळला नव्हता, पण बोलायला बरं वाटलं.

वीज सोडली तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी ठेवणीतली गुलाबी गोमेसी नेसले, कमरेचा पट्टा कडक बांधला, चामड्याच्या सँडल घातल्या. अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका पोती घेऊन आल्या, म्हातारे काठ्या घेऊन आले, चर्चमधले ढोलवाले न बोलावता आले. मी एकटी खोलीत गेले, दार लावलं, पलंगावर उभी राहिले आणि खटका वर केला. बाहेर जो आवाज उठला! फणसाला दोन चंद्र लागले होते. दिवसाढवळ्या लागले होते, म्हणून कुणी कमी ओरडलं नाही. मग मोटर. इंजिनासारखी खोकली नाही, धूर ओकली नाही. नुसती गुणगुण, मग गर्जना, आणि पीठ धरणारी लांब कापडी पिशवी गाभण गाईच्या पोटासारखी फुगली. मी गिरणीच्या पत्र्यावर हात टेकून वाकले आणि पहिली ओंजळ उचलली. पीठ कोमट होतं. मी ते युनियाच्या कपाळाला फासलं, तिने माझ्या, आणि मग बायकांनी एकमेकींना इतकं फासलं की अंगणात भुतं नाचतायत असं वाटावं.

मुत्याबाही आला होता. एका पोत्यासह, चिखलाचे लांब रबरी बूट घालून, थेट शेतावरून. कामाच्या माणसासारखा गिरणीच्या खोपट्यात शिरला, दाणे ओतायच्या पत्र्याच्या नरसाळ्यावर हाताची पालथी बाजू टेकवली आणि मोटरकडे मान वाकडी करून बघत राहिला.

“नाकिमेरा!” मी ओरडले. “म्हणावं, ही गिरणी आहे, म्हैस नाही. अंगावर हात फिरवायचं कारण नाही.”

लोक हसले. तो हात काढून निघून गेला. पण जाताजाता बोललाच. “अर्थिंग कुठे केलंय त्याने?” असं काहीतरी. ढोलांत कुणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोसा आपला पट्टा बांधून मसाकाला गेला आणि मी कामाच्या कपड्यांत आले. जुनं लुगडं, अनवाणी पाय. पिठाची धूळ बसावी म्हणून खोपट्यात सडा मारला. बाहेर बायकांची रांग, टेकडीच्या पायथ्यापर्यंत. आमच्याकडे असंच असतं. हंगामात पाय ज्या गिरणीच्या वाटेला लागतात, ती वाट वर्षभर सुटत नाही. चौफुलीवरचा गिरणीवाला कासुले आपलं जुनं इंजिन घेऊन तिथे माशा मारत बसला असेल, ह्या विचाराने मला सकाळचा चहाही गोड लागला होता.

मी मोटर चालू केली, पहिलं पोतं कमरेवर घेतलं आणि तोल सावरायला नरसाळ्यावर हात टेकला.

थरथर. बोटांतून शिरली ती कोपरापर्यंत. मुंग्या नव्हेत. आत कुणीतरी बारीक दोरा धरून ओढतंय अशी. मी हात काढला, थरथर गेली. पुन्हा लावला, पुन्हा आली. पोतं माझ्या हातून सुटलं आणि मका जमिनीवर सांडला.

“काय झालं?” युनिया आत आली. माझा हात बघितला. तो भीतीने आता आपोआपच हलत होता. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “ओबुको!”

हा शब्द आमच्याकडे मोठ्याने कुणी बोलत नाही. सासूला जावयाचा स्पर्श झाला की हाताला जी थरथर लागते, जी मग मरेपर्यंत चमचा तोंडापर्यंत जाऊ देत नाही, ती ही. आणि युनियाने तो शब्द असा ठोकला की पायथ्याची शेवटची बाईसुद्धा ऐकेल.

“त्याने काल इथेच हात ठेवला होता,” ती म्हणाली. “ह्याच पत्र्यावर. तू आज तिथेच ठेवलास. मध्ये एक रात्र गेली म्हणून काय झालं?”

रांग हलली. आधी एक बाई पोतं डोक्यावर घेऊन मागे सरली. मग दुसरी म्हणाली, “आम्हाला जावई आहेत गं बाई, पिठातून लागलं तर?” बोडावाले आपल्या भाड्याच्या मोटारसायकली वळवू लागले. पोत्यांवर पोती रचली आणि चौफुलीकडे, कासुलेच्या गिरणीकडे, लाल धुरळा उडवत निघाली. मी खोपट्याच्या दारात उभी. गुणगुणणारी मोटर मागे आणि रिकामं अंगण पुढे. इंजिन विकलेलं. हंगाम चालू. ही वाट आज तुटली तर माझी गिरणी म्हणजे पत्र्याचं खोकं.

बोसाला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंदच. गोड तोंडाचं हे एक असतं, ते मिटलं की काहीच उरत नाही.

दुपारी नाकिमेरा धावत आली, पदर कमरेला, डोळे लाल.

“आई, माझ्या नवऱ्याने तुला रोग लावला असं चौफुलीवर बोलतायत! त्यांना कुणी घरात घेईना. सकाळी एका गिऱ्हाइकाने शिडीवरून खाली उतरवलं त्यांना!”

“माझी गिरणी बंद आहे आणि तुला त्यांची शिडी दिसते?”

“तूच काल सगळ्यांसमोर ओरडलीस की त्यांनी हात लावला!”

“लावला नव्हता? मी खोटं बोलले?”

इतक्यात कॉफीच्या झाडांमागून आवाज आला. तो तिथे उभा होता, झाडाकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे पाठ. रीत पाळत होता. पण आवाज मात्र बाजारातल्यासारखा.

“नालोंगोंना विचार, काल त्यांच्या पायात काय होतं?”

नाकिमेराने माझ्याकडे बघितलं.

“सँडल,” मी म्हटलं. “माझ्या पायांशी ह्यांना काय करायचंय?” तेव्हा पलंग, आता पाय!

“आणि आज?”

“अनवाणी.”

“मग म्हणावं, रबरी चपला घाला आणि पुन्हा हात लावून बघा. ओबुकोला चपला कळत नाहीत. विजेला कळतात.”

“त्यांना सांग,” मी म्हटलं, “शहाणपण शिकायला मी अजून शाळेत नाव घातलेलं नाही.” पण नाकिमेराने आपल्या पायातल्या चपला काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि आईचा राग लेकीत उतरलेला असतो तशा नजरेने उभी राहिली. मी त्या घातल्या. लहान होत्या, टाच मागे लोंबत होती. ओल्या जमिनीवर गेले. मोटर चालूच होती. हात नरसाळ्याजवळ नेला.

टेकवला.

काही नाही. गिरणीची धडधड तेवढी हाताला लागत होती, ती नेहमीचीच. थरथर नाही.

चपला काढल्या. अनवाणी पाऊल सड्यावर ठेवलं, एक बोट लावलं. थरथर!

“युनिया,” मी म्हटलं, “इकडे ये.”

“मी कशाला?”

“ये म्हणते ना. पाय मोकळे कर. लाव हात.”

ती नको नको म्हणत असताना मी तिचं मनगट धरलं आणि टेकवलं. ती अशी किंचाळली की कोंबड्या छपरावर गेल्या.

“लागलं?”

“लागलं गं बाई, लागलं!”

“तुला मुलगी आहे?”

“नाही.”

“जावई?”

“मुलगी नाही तर जावई कुठून? आणि नाकिमेराची आत्या मी, तिच्या नवऱ्याशी माझं थट्टेचं नातं. काल तर हात हातात घेऊन नाचले त्याच्याबरोबर.” ती बोलता बोलता थांबली.

“आत्याला ओबुको होतो का कधी?”

“कधीच नाही,” ती म्हणाली, आणि मग रागाने गिरणीकडे बघितलं. “म्हणजे ही रांड आपणहून थरथरवते!”

मी हसले. खोटं कशाला बोलू, इतकं हसले की खोपट्याच्या खांबाला धरावं लागलं. कॉफीमागे तोही हसत होता. सासू आणि जावई एकाच गोष्टीला हसतायत, हे लक्षात आल्यावर दोघंही गप्प झालो.

“त्यांना विचार युनिया, आता काय करायचं?”

“तारेची एखादी जागा उघडी पडून पत्र्याला टेकलीय,” तो म्हणाला. “ती मी खोपट्यात शोधतो, तिथे मला यायला काही नाही. पण खरं दुखणं वेगळं. असली वाट चुकलेली वीज जमिनीत पळून जावी म्हणून बोर्डापासून एक हिरवी तार मातीत पुरायची असते. ती त्याने पुरली की नुसती दाखवली, ते बोर्ड उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि बोर्ड आहे...”

“बोलू नका!” मी ओरडले. “कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

नाकिमेरा म्हणाली, “आई, एकदाच. डोळे बांधून नेऊ त्यांना.”

“डोळे बांधून वीज दुरुस्त करतात?” तो म्हणाला.

“दुसरा वायरमन आणू,” युनिया म्हणाली.

“आणेपर्यंत कासुले माझ्या गिऱ्हाइकांची लग्नं लावून देईल,” मी म्हटलं. मी घराला फेरी मारली. माझ्या खोलीची मागची भिंत केळीच्या बागेत उघडते. त्या भिंतीवर हाताने थापटत गेले आणि जिथे आतून बोर्ड असेल तिथे कोळशाने फुली मारली.

“माणूस आत जाऊ शकत नाही,” मी म्हटलं. “हात जाऊ शकतो. त्यांना म्हणावं, फोडा. एक वीट. एकच.”

युनिया म्हणाली, “नवऱ्याने बांधलेल्या घराची भिंत?”

“नवऱ्याने दार बांधताना मला विचारलं नव्हतं. भोक मी सांगते तिथे पडेल.”

मी आत गेले. पलंग ओढत पलीकडच्या भिंतीला लावला, त्यावर चादर टाकली, चादरीवर घोंगडी, आणि मध्ये दोरीवर दुसरी चादर टांगली, म्हणजे भोकातून बघूनही त्याला काही दिसू नये. बाहेर छिन्नी वाजू लागली. माझ्या घराच्या भिंतीवर घाव पडत होता आणि माझ्या पोटात भीतीऐवजी एक अवखळ गुदगुली होती, मुलीसारखी. गिलाव्याचे ढलपे पडले. मग एक उजेडाची तिरीप आली आणि वीट मागे सरकली.

“मेन बंद केलंत?” भोकातून आवाज.

“केलं.”

“खटका खाली आहे ना?”

“खाली आहे.”

“नीट बघा.”

“मला वर-खाली कळतं!”

“कळत असेल. फ्यूज काढून बाहेर द्या. तो माझ्या खिशात आल्याशिवाय मी हात आत घालणार नाही.”

“माझ्या शब्दावर विश्वास नाही?”

“तुमच्या शब्दावर आहे. विजेशी माझी तेवढी ओळख नाही.”

फ्यूज मी काढला. पण द्यायचा कसा? त्याच्या हातात माझा हात लागला तर खरोखरीचा ओबुको. मी स्वयंपाकघरातून उकड घोटायचा लाकडी पळा आणला, लांब दांड्याचा, त्याच्या पसरट तोंडावर फ्यूज ठेवला आणि भोकातून बाहेर सरकवला. बाहेर युनिया खदखदली. “जेवायला वाढतेय बघा सासू!”

मग त्याचा हात आत आला.

इतक्या वर्षांत माझ्या जावयाचा हात मी कधी पाहिला नव्हता. मान खाली असते, दार मध्ये असतं. जाड बोटं, एक नख काळं, मनगटाशी जुना भाजल्याचा डाग. तो हात आंधळ्या प्राण्यासारखा बोर्डावर चाचपडत फिरला, स्क्रू ओळखला, सैल केला. घाई नाही. मी बघत उभी राहिले. मग तो म्हणेल ते करू लागले. झाकण धरा. धरलं. लाल तार पळ्याने डावीकडे ढकला. ढकलली. आता हिरवी दाखवा.

“ही कुठे जाते?” त्याने विचारलं.

“भिंतीत.”

“भिंतीत कुठे?”

“भिंतीत म्हणजे भिंतीत!”

त्याने बाहेरून छिन्नीने थोडा गिलावा उडवला. मग तार धरून ओढली. ती सगळीच्या सगळी बाहेर आली, माझ्या वितीएवढी. पलीकडचं टोक कापलेलं, स्वच्छ, कशालाही न बांधलेलं.

“बांधलेला दोर आहे,” तो म्हणाला, “पण बकरीच नाही.”

माझ्या दातांमध्ये बोसाचं गोड नाव चुरा होत होतं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं की जत्रा? तांब्याची लांब सळई त्याने स्वतःच्या घरून मागवली. ती केळीत ठोकायची तर खाली मुरूम, घणाखाली सळई वाजायची आणि तसूभर जायची. मी बादलीने पाणी ओतलं. युनियाने चुलीतला कोळसा आणला, नाकिमेराने मीठ आणलं, वीज मातीत लवकर उतरावी म्हणून सळईभोवतीच्या खड्ड्यात घातलं. कासुलेकडून मका तसाच घेऊन परतणाऱ्या बायका, तिथली रांग संध्याकाळपर्यंत हलायची नाही म्हणून कंटाळलेल्या, कुंपणाशी थांबल्या. मग आत आल्या. मग त्यांतली एक धिप्पाड बाई म्हणाली, “दे तो घण इकडे, तुझ्या बायकोने तुला उपाशी ठेवलंय,” आणि तिने असे घाव घातले की सळई मुकाट्याने जमिनीत गेली. नवीन हिरवी तार सळईपासून भोकातून बोर्डाला, बोर्डापासून खोपट्यात मोटरला. मोटरचं झाकण उघडल्यावर त्याने सगळ्यांना दाखवलं: एका तारेचं कातडं खरचटलेलं, आतलं तांबं लोखंडाला टेकलेलं. मी खोपट्याच्या दुसऱ्या दारातून बघितलं. ती जागा उंदराच्या दाताएवढी होती.

त्याने चिकटपट्टी गुंडाळली, तारा सगळ्या सोडून पुन्हा बसवल्या, घाम पुसला. फ्यूज पळ्यावरून आत आला. मी लावला, खटका वर केला आणि धावत बाहेर आले. ह्या वयात धावले.

मोटर गुरगुरली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण पिशवी फुगेना. लुळी लोंबत होती, खालून चिमूट चिमूट पीठ गळत होतं.

“नालोंगोच्या गिरणीला खोकला झाला,” मागून कुणीतरी म्हणालं. दोन पोती पुन्हा डोक्यावर चढली.

मुत्याबा डोकं खाजवत उभा. कानांपर्यंत लाल झाला होता, काळ्या माणसाचं लाल होणं ओळखणारे ओळखतात. “उलटी फिरतेय,” तो हळूच म्हणाला. “माझ्या हातून दोन तारांची अदलाबदल झाली.”

“उलटी!” मी आकाशाकडे बघून म्हटलं. “ज्याच्या हातची, त्याच्यासारखी!”

अंगण फुटेल इतकं हसलं. तोही हसला, मान खाली घालून. पोती डोक्यावरून पुन्हा उतरली, कारण इतकं हसल्यावर कुणाला चौफुलीपर्यंत चालवत नाही. मी पुन्हा खोलीत, खटका खाली, फ्यूज पळ्यावर, पळा भोकात. त्याने मोटरच्या दोन तारा बदलल्या. फ्यूज परत, खटका वर.

पिशवी हलली. सुरकुती गेली. आणि फटकन फुगून ताठ उभी राहिली, पिठाचा ढग छपराला लागला.

मी चपला काढल्या. सगळ्यांसमोर. सड्याच्या ओल्या चिखलात दोन्ही पावलं रोवली आणि नरसाळ्यावर एक नाही, दोन्ही पंजे ठेवले. गिरणीची धडधड हातातून खांद्यात येत होती, जुन्या ओळखीची, दमदार. बाकी काही नाही. मी पंजे तसेच ठेवून बायकांकडे वळले.

“बघता काय? मका काय घरी उकडून खाणार आहात? आणा!”

आणि त्या आणू लागल्या. डोक्यावरून, कमरेवरून, बोडाच्या मागच्या बैठकीवरून. चौफुलीकडचा धुरळा आता उलटा, आमच्या टेकडीकडे येत होता. युनिया पोती घेत होती, नाकिमेरा पिशवीचं तोंड धरत होती, माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

अंधार पडायच्या आत मी पाणी प्यायला खोलीत गेले. भोक उघडंच होतं. बाहेर केळीत तो आपली हत्यारं पिशवीत भरत होता, आणि माझी चाहूल लागली तसा पाठ फिरवून उभा राहिला. एवढं केल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण नाही.

“नालोंगो,” तो म्हणाला, “मी आधीच सांगितलं होतं की नाही, झोपायच्या खोलीत...”

“मुत्याबा.”

मध्ये नाकिमेरा नव्हती, युनिया नव्हती. त्याचं नाव मी पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे टाकलं होतं. तो दचकला.

“त्या बोसाचं तोंड गोड होतं आणि हात चोर. तुमचा हात खरा आहे आणि तोंड गाढवाचं. आजपासून ह्या घराचं आणि गिरणीचं सगळं काम तुमचं. ह्या भोकाला उद्या येऊन झाकण लावा. आणि ऐका, पुन्हा सांगणार नाही. माझ्या घरात तुमचा हात येईल. तोंड भिंतीच्या त्या बाजूला राहील.”